दोनशेवरचा स्क्रू

अनिलदादाने बाबांचा रेडिओ परत आणला, तो आईने दिला होता त्याच चादरीत गुंडाळून. बाबा गेले त्या पावसाळ्यात माजघराची भिंत ओली झाली, म्हणून आईने रेडिओ त्याच्याकडे मुरबाडला पाठवला होता. अनिलदादा माझा चुलतभाऊ. त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पंपांतली तांब्याची तार काढून नवी भरायची, हे त्याचं रोजचं काम. रेडिओ आतून साफ केलाय, तपासलाय, असं त्याने फोनवर सांगितलं होतं.

वर्षश्राद्धाच्या सकाळी रेडिओ बाबांसारखा लावायचा, एवढंच आईचं मागणं होतं. म्हणून आदल्या दिवशी डोळखांबच्या घरी मी तो लावून पाहिला. आवाज नेहमीपेक्षा मोठा आला. मग आतून तापलेल्या लाखेचा वास सुटला. मागचा पुठ्ठा काढून ट्रान्सफॉर्मरला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

"तुझ्या बापाच्या हातात कधी नाय तापला," आई म्हणाली. ओटीवर चहा पीत असलेल्या अनिलदादाला ऐकू जाईल अशा बेताने.

मी बॅटरी मारून आत पाहिलं. चॅसिसवर, आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावर, धूळ जशीच्या तशी. म्हणजे साफ केल्याचं खोटं होतं. ट्रान्सफॉर्मर तेवढा वितळलेल्या लाखेने आणि काजळीने काळा झाला होता. तो आमचाच की दुसरा, हे कळायला मार्ग नव्हता. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधलं तांबं चांगलं असतं, असं अनिलदादाच एकदा जेवताना म्हणाला होता. तेव्हा बाबा हसले होते. मला आता ते हसू आठवेना, फक्त वाक्य आठवत होतं.

शाळेच्या सुट्ट्या मी बाबांच्या शहापूरच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात काढल्या आहेत. तापणारा ट्रान्सफॉर्मर दिसला की आधी त्याच्यावरचं ओझं उतरवायचं, ही त्यांची पद्धत. मी सगळे काचेचे व्हॉल्व्ह काढले, डायलचा दिवाही काढला. ओझं काहीच राहिलं नाही. मग रेडिओ परत लावला. ट्रान्सफॉर्मर घुमायला लागला आणि पुन्हा तापला. म्हणजे दोष पुढच्या भागात नव्हता, ट्रान्सफॉर्मरमध्येच होता. संशय खरा ठरतोय म्हणून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं विचित्रही वाटलं.

अनिलदादा दाराशी येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"दादा, हा ट्रान्सफॉर्मर बाबांचाच आहे ना?"

तो म्हणाला, "सिरीजचा बल्ब लाव नि बघ. मला नको विचारू."

बाबांचा सिरीज बोर्ड कपाटात होता. वीज आधी बल्बमधून आणि मग ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते. आतली तार एकमेकीला चिकटली असेल तर बल्ब लख्ख पेटतो. मी लख्ख पेटण्याचीच वाट पाहत होते. बल्बची तार जेमतेम लालसर झाली. तशीच राहिली. ट्रान्सफॉर्मर थंडच.

ट्रान्सफॉर्मरची तार शाबूत होती. थेट लावला की तापतो, बल्बमधून थोडी कमी वीज मिळाली की तापत नाही. मी मीटर काढून भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावला. दोनशे अठ्ठेचाळीस व्होल्ट.

आमच्या पाड्यात विजेचा एवढा दाब कधीच नव्हता. संध्याकाळी ट्यूबलाइट लागायची नाही, टीव्हीचं चित्र आकसायचं. दिवाळीत पाड्याला वीज देणारी नवी डीपी बसली, ती बाबांनी पाहिली नाही. मी स्पिरिटचा बोळा घेऊन ट्रान्सफॉर्मरशेजारची पट्टी पुसली. तिच्यावर किती व्होल्टला रेडिओ चालवायचा त्याच्या खाचा असतात, आणि एका खाचेत स्क्रू. काजळीखालून स्क्रू निघाला, दोनशेच्या खाचेत. कमी दाबातही आवाज नीट यावा म्हणून या बाजूला सगळेच तो खालच्या आकड्याच्या खाचेत ठेवायचे. आता दाब वाढला, म्हणून ट्रान्सफॉर्मर तापत होता.

स्क्रूच्या डोक्यावर गुलाबी नेलपॉलिशचा थेंब होता. ट्रान्सफॉर्मरचे नटही मी पुसले. चारही नटांवर तोच रंग, कुठेही तडा नाही. मी कॉलेजात असताना माझी ती बाटली बाबांनी मागून नेली होती. हात लावलेलं कळावं म्हणून ते असं सील करायचे.

"तू हा उघडलाच नाहीस," मी म्हणाले.

"नाय."

"मग साफ केला म्हणून का सांगितलंस?"

"काकी सारखी फोन करायची. काय सांगणार होतो?" तो चौकटीकडे बघत म्हणाला. "दोनदा टेबलावर घेतला. काकांनी बंद केलेला, उघडायला माझा हात नाय झाला."

आई चुलीकडे गेली आणि भांडी हलवू लागली.

स्क्रू अडीचशेच्या खाचेत न्यायचा, तर सील फोडावं लागणार होतं. मी पेचकस अनिलदादाच्या पुढे केला.

"तूच फोड गो," तो म्हणाला. "मी लावला हात, तर उद्या परत काय तरी कमी भरेल तुझ्या हिशोबात."

पेचकस स्क्रूवर बसवून मी जोर दिला. सुरुवातीला स्क्रू हलला नाही. मग बारीक आवाज झाला आणि गुलाबी रंगाचा तुकडा उडून चॅसिसच्या धुळीत पडला. तो मी तिथेच राहू दिला.

व्हॉल्व्ह परत बसवले, रेडिओ लावला. बराच वेळ तो चालू ठेवला. मी ट्रान्सफॉर्मरवर पंजा टेकवला. कोमट होता. पंजा तसाच ठेवून मी म्हणाले, "दादा, आत ये. तूही हात लावून बघ."

त्याने आधी आईकडे पाहिलं. मग चपला काढल्या.