पाठीवरचा हात

मी एक जुना पडदा आहे. दाराखिडकीचा नव्हे, सिनेमाचा! आता मला पाहून तुम्हाला हे खरं वाटायचं नाही. मलकापूरच्या एका कापसाच्या जिनिंगच्या आवारात बाया जिथं भाकर खायला बसतात, तिथं सावलीसाठी मला चार बांबूंना बांधून ठेवलंय. वरून कावळे शिटतात ते वेगळंच. पण मित्रांनो, एकेकाळी माझ्याकडे डोळे लावून अख्खं गाव बसायचं.

मी जाड मांजरपाटाचा. शिंप्यानं पट्ट्या जोडून मला शिवलं आणि तंबूतल्या टॉकीजचे मालक उत्तमराव मला घेऊन गेले. उत्तमराव मनाचे वाईट नव्हते, पण कानाचे फार हलके. मशीन चालवायला वाहेदचाचा होता. संध्याकाळ झाली की तो आधी माझ्यावर बादलीभर पाणी शिंपडायचा. का, तर पुढं पुरुष बसत आणि माझ्या पाठीमागं बायापोरी. कापड ओलं असलं की चित्र आरपार जायचं. मागून ते जरा फिकं दिसे आणि उलटं दिसे, म्हणजे उजवीकडचा घोडा डावीकडं पळे. पण बायांची कधी तक्रार नव्हती. घोडा पळतोय ना, मग झालं!

आता माझं दुःख ऐका. एवढे सिनेमे माझ्या अंगावर झाले, पण मी एकही पाहिलेला नाही. स्वतःचं तोंड स्वतःला कसं दिसणार? मला दिसायचे ते फक्त चेहरे, दोन्हीकडचे.

महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं तेव्हाची गोष्ट. धामणगाव बढेला आमचा तंबू पडला आणि एक अजब सिनेमा आला. त्यात माणसं नव्हतीच. हातानं काढलेली चित्रंच चालत, हसत आणि गात. एका राजकन्येला चेटकिणीनं पाखरू करून टाकलं होतं. ते पाखरू रानोरानी गात फिरायचं, कुणीतरी आवाज ओळखावा म्हणून. भाषा परदेशी, कुणाला ओ की ठो कळत नव्हतं. वाहेदचाचा मधूनमधून भोंग्यातून समजावायचा, "हे पाखरू नाही हो, हे राजाची पोरगी हाय!" पण खरं सांगू, गाण्याला त्याची गरजच पडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणवठ्यावरच्या बाया तीच चाल गुणगुणत होत्या, आणि शब्द म्हणून जे तोंडाला येईल ते घालत होत्या.

माझ्या पाठीमागं, बायांच्या अगदी पहिल्या रांगेत, कोकिळा नावाची मुलगी बसायची. सोजराबाईची थोरली. पाखरू गायला लागलं की तिचे ओठ हलायचे. पण पोरीचं नशीब बघा. ऐन शेवट आला की मांडीवरचा तान्हा भाऊ भोकाड पसरायचा आणि सोजराबाई तिला हाताला धरून उठवायची. रोज हेच! पाखराची पुन्हा पोरगी होते की नाही, हे काही कोकिळेला बघायला मिळेना.

शेवटच्या खेळाला सोजराबाईनंच युक्ती केली. तान्ह्याला जावेपाशी ठेवलं आणि म्हणाली, "आज पाह्य वं माय तुहा शेवट. मंग तरी डोकं खाऊ नको."

आणि नेमकं त्याच दिवशी ते घडलं.

आदल्या रात्री पुढची माणसं ओरडली होती, "आबे, चित्र हाय का धुकं हाय बे?" उत्तमराव घाबरले. कुणीतरी त्यांना सांगितलं, पडद्याला मागून काळा रंग द्या, पुढून चित्र कसं झळकतं बघा. झालं! दुपारी माझ्या पाठीवर काळा तेलरंग फासला गेला.

वाहेदचाचा म्हणाला, "मालक, मागच्या बायायले काय दिसन?"

"त्यायले गाणं तर आयकू येते ना!" उत्तमराव म्हणाले.

मी कापड. मी काय बोलणार? मला फाटताही आलं नाही.

खेळ सुरू झाला. पुढं चित्र असं झळकलं की माणसांनी शिट्ट्या मारल्या. मागं काळामिट्ट अंधार. बाया थोडा वेळ कुजबुजल्या, काही उठून गेल्या, बाकीच्या गाणं ऐकत बसल्या. कोकिळा धावत पुढच्या बाजूला गेली, तर पुरुषांच्या बाजूला बांधलेल्या दोरीपाशी उभ्या माणसानं हाकललं, "पोरीबायायनं मांगं बसाव!" ती परत आली. रडली नाही. मला वाटत होतं, रडली असती तर बरं झालं असतं.

शेवटचं गाणं लागलं. तशी ती उठली, माझ्यापाशी आली आणि जिथं पाखरू असायचं तिथं तिनं आपला पंजा टेकवला. रंग अजून ओला होता. हात काढला तेव्हा तळवा काळा झाला होता, आणि माझ्या पाठीवर तिच्या पंज्याएवढी जागा उघडी पडली होती. तिथून तिच्या चेहऱ्यावर उजेड पाझरला. थोडा निळा, मग पिवळा, काहीतरी हललं, आणि खेळ संपला.

कोकिळेनं वाहेदचाचाला गाठलं. "चाचा, पाखराची पोरगी झाली का वो?"

"झाली ना बेटा."

"तुमी सांगून राह्यले," ती म्हणाली, "म्या पाह्यली कुठी?"

वाहेदचाचा रिळं डब्यात भरू लागला. मी तरी तिला काय सांगणार? मीही पाहिली नव्हती. सकाळी तंबू उठला आणि मला गुंडाळून ट्रकमध्ये टाकलं.

उत्तमराव म्हणाले, "तो पंजा बुजव." वाहेदचाचानं "हाव मालक" म्हटलं आणि बुजवला नाही. पुढं ज्या ज्या गावी गेलो, तिथं मागच्या पोरी त्या हाताएवढ्या उजेडाला पाळीपाळीनं डोळा लावायच्या. मी त्यांना तेवढंच देऊ शकलो.

मग तंबू बंद पडला आणि मी इथं आलो. काळा रंग पोपडे होऊन बराचसा गेला, पण पंज्याच्या कडा अजून ओळखू येतात. भाकरीच्या वेळी त्यातून ऊन खाली उतरतं आणि एखाद्या बाईच्या ओटीत जाऊन बसतं. परवा एकजण तीच चाल गुणगुणत होती. शब्द तिचे स्वतःचे होते. लेकीनं विचारलं, "मंग त्या पाखराचं काय झालं वं माय?" बाई म्हणाली, "तू सांग."

ती कोकिळा होती का? मला ठाऊक नाही. विचारायला मला तोंड कुठं आहे?

मित्रांनो, माझ्या तोंडावर हजारो चित्रं आली, एकही राहिलं नाही. राहिला तो पाठीवरचा हात. तुम्ही कधी कुठला पडदा रंगवायला घ्याल, तेव्हा ब्रश बुडवण्याआधी एकदा त्याच्या मागं जाऊन या. तिथं कुणीतरी शेवट बघायला बसलेलं असतं.