विशाखाने ब्रेक दाबला होता

सांडू मिस्त्रीने सायकल उलटी करून ठेवली, चाकाकडे निरखून पाहिले आणि विचारले, "काका, हे ब्रेक कुणी बसवले?"

"मी," मी म्हणालो. "का?"

आवाजात तोरा होता. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षे बसचे ब्रेक बसवलेला माणूस मी. सायकलच्या ब्रेकच्या चार रबरांसाठी दुकानात जाणे मला कमीपणाचे वाटायचे. आता छावणी भागातल्या या दुकानात आलो तेही हात थरथरतात म्हणून. शेजारच्या सायलीला शाळेसाठी सायकल द्यायची होती आणि बिनब्रेकाची सायकल मी कुणाच्या लेकीला देणार नव्हतो.

नऊ वर्षे ही सायकल घरामागे पडून होती, अपघात झाला तेव्हापासून. त्या दिवशी हर्सूल तलावाजवळच्या उतारावर माझी मुलगी विशाखा ती चालवत होती आणि मागे कॅरिअरवर तिची आई बसली होती. सायकल थांबली नाही, कठड्यावर आदळली. विशाखाचा हात मोडला. तिची आई, माझी आवडाबाई, आठव्या दिवशी गेली.

विशाखा तेव्हा सोळा वर्षांची. "आबा, मी ब्रेक दाबला व्हता, लागलाच नाय," असे रडून रडून सांगायची. मी म्हणायचो, "रबर त्याच सकाळी मी नवे घातलेत. तूच दाबला नसशील. सदा आपली वाऱ्यावर." हे मी दवाखान्यात म्हणालो, दहाव्याला पाहुण्यांदेखत म्हणालो, वर्षश्राद्धालाही म्हणालो. हळूहळू तिने सांगायचे सोडले. मला वाटले, पोरीने चूक कबूल केली. पुढे कन्नडला तिचे लग्न करून दिले.

सांडूने बोटाने दाखवले. "ही रबर बसतं ती खोबण बघा. एक तोंड बंद, एक उघडं. चाक जिकडं फिरतं, तिकडं बंद तोंड पाहिजे. तुम्ही उघडं केलं. जोरात ब्रेक दाबला की रबर सरकून भाईर पडतं. तीन तर पडलेच की."

"ते आदळल्यावर पडले असतील."

"नाय काका. दाबल्याबिगर निघतच नाय ते."

मी तिथेच स्टुलावर बसलो. पोर खरे बोलत होती आणि मी चार माणसांत तिला आईच्या मरणाची धनी केले होते. तिथूनच फोन लावला.

"विशाखा, तू ब्रेक दाबला होतास. रबर मीच उलटे बसवले होते. माझी चूक झाली, बाई."

ती म्हणाली, "आबा, गोळी घेतली का सकाळची?"

"अगं, मिस्त्री सांगतोय. तू दाबला होतास."

"मिस्त्र्याला काय म्हाईत? सायकलवर मी व्हते. मी दाबलाच नव्हता, आबा. वाऱ्यावर व्हते मी. मला चांगलं आठवतं."

मी पुन्हा पुन्हा सांगितले, अगदी हात जोडून सांगितले. मी तिच्या डोक्यात घातलेले आता माझ्याच्याने निघेना.

"उगं जिवाला लावून घेऊ नका," ती माझी समजूत घालत होती. "माझ्या हातनं झालं ते झालं. तुमचा काय दोष त्यात? घरी जावा आन् जेवून घ्या."