सतरा ग्राहकांची यादी

सूर्यभान पहिल्यांदा आमच्या गच्चीवर चढला तेव्हाच मी त्याला ओळखले, आणि ओळखल्याचे दाखवले नाही. २००६ साली चांदूर बाजार आणि भातकुली तालुक्यांतल्या एकशे बारा घरांची पाहणी मी केली होती, आणि तिचे पुस्तकही झाले होते. ती सगळी आत्महत्येनंतरची घरे होती. त्यांपैकी नऊ घरांनी एकाच बियाणे विक्रेत्याचे नाव घेतले होते; त्याला मी तेव्हा त्याच्या दुकानात पाहिले होते. बियाणे उगवले नव्हते, आणि विक्रेत्याने पुढच्या वर्षी दुकानाची पाटी बदलली होती. नंतर तो लोकांना इमू पक्षी पाळायला देतो असे कानावर आले. आता, २०१९च्या मार्चमध्ये, तोच मनुष्य माझ्या गच्चीवर कपाळावर हात आडवा धरून ऊन पाहत होता.

"लय झकास ऊन हाये सर तुमच्याकडं," तो म्हणाला. "कायचीच सावली नाही. वाया चाललं नं बापा सगळं."

ज्या मुलखात उन्हाने पीक आणि माणूस सारखेच वाळतात, तिथे ऊन वाया जाते ही माहिती मला नवी होती.

सोलर मला हौसेसाठी नको होते. माझी पत्नी प्रमोदिनी हिची फुप्फुसे गेल्या हिवाळ्यापासून स्वतःच्या बळावर पुरी पडत नव्हती. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचे मशीन लावायला सांगितले होते. मशीन म्हणजे टिकटिकणारी एक पेटी. तिच्यातून निघालेली नळी नाकाशी, आणि पेटी विजेवर. अमरावतीत उन्हाळ्याच्या दुपारी वीज जाते हे सिद्ध करायला संशोधन लागत नाही. आमच्या जुन्या इन्व्हर्टरची बॅटरी त्या पेटीला जेमतेम पाऊण तास ओढत असे. त्यानंतर कोपऱ्यातला सिलिंडर. वीज कितीही वेळ जावो, तिचा श्वास चालू राहावा, एवढीच माझी मागणी होती.

तीन पुरवठादारांनी प्रस्ताव दिले. पुण्याच्या कंपनीच्या पुस्तिकेवर उतरत्या छपराचे, धुराड्याचे घर होते. छपराच्या कडेला थोडे बर्फही होते. अकोल्याच्या कंपनीचा प्रतिनिधी प्रत्येक प्रश्नाला "साहेब बोलतील" म्हणे, आणि साहेब कोण ते सांगत नसे. तिसरा सूर्यभान. त्याने बारा पानांचा प्रस्ताव आणि समाधानी ग्राहकांची यादी दिली, पत्त्यांसकट. त्याला मी घरात घेतले नाही. गच्चीचा जिना बाहेरून आहे; त्याने तिथूनच चढावे आणि तिथूनच उतरावे अशी मी व्यवस्था ठेवली.

तो गेल्यावर प्रमोदिनीने आतून विचारले, "अहो, त्याला विचारलंत का, लाइन गेली की हे चालतं का?"

"सगळं विचारीन. आधी हा माणूस काय आहे ते तर कळू दे."

"माणूस नाकाला लावायचाय का मला?" ती म्हणाली आणि खोकली. मी पाणी आणून दिले.

तीस वर्षे मी अर्थशास्त्राचे प्रबंध तपासले. लबाडी पकडण्याची माझी रीत ठरलेली होती. मजकुरात गुंतायचे नाही. थेट शेवटच्या संदर्भसूचीवर जायचे आणि एकेक संदर्भ मुळापर्यंत खणून पाहायचा. ज्याचे संदर्भ खोटे, त्याचा प्रबंध खोटा. या रीतीने मी चौदा पदव्या अडवल्या, आणि त्याचा मला आजही खेद नाही. तीच रीत सूर्यभानला लावली. त्याला तीनदा बोलावून त्याचे परवाने, भागीदार आणि आधीचे धंदे विचारले. त्याने निमूटपणे उत्तरे दिली. तो निमूटपणा मी वहीत संशयाच्या रकान्यात लिहिला.

यादीतले चौथे नाव आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या गयासुद्दीनचे होते. त्याचे मोटार वाइंडिंगचे दुकान आहे. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत तो नवी तार भरतो. वीस वर्षांचा शेजार. त्याला मी विचारले नाही. त्याचा मुलगा शाकीब सूर्यभानकडे फिटर होता, आणि हितसंबंध असलेल्याची साक्ष धरायची नाही हा नियम मीच विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्यांना शिकवला होता.

बाकीचे मी गाठले. सगळे समाधानी होते. मला तेच खटकले. मार्चमध्ये अकरा नावांची असलेली यादी मेपर्यंत सतरा नावांची झाली, आणि नवे ग्राहक, कोणाच्या भरवशावर घेतले असे विचारताच, एकच नाव सांगू लागले: अकोल्याचे निवृत्त मुख्याध्यापक भगवंतराव. नव्या सहांतले पहिले, बारावे नाव त्यांचेच होते. बनाव आता हाताशी आला असे वाटून मला फार दिवसांनी उत्साह आला. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी सकाळची अकोल्याची बस धरली. सिलिंडर आदल्या दिवशी भरायला दिला होता, तो संध्याकाळी यायचा होता. एका दिवसाचा प्रश्न होता.

भगवंतरावांनी पन्हे पुढे केले. मी वही उघडली.

"आपण कोणाच्या सांगण्यावरून घेतलंत?"

"तुमच्या."

"मी तर अजून घेतलेलंच नाही."

"ते ठाऊक आहे हो. पण आमचे साडू तुमच्याच भागात राहतात. ते म्हणाले, ठोसर सर त्याला तीन तीनदा घरी बोलावून राहिले. मी म्हटलं, हा गृहस्थ भाजीवालीकडेही पावती मागतो. याच्या चाळणीतून जो तीनदा गेला, त्याच्यात खोट कशी असेल? मग आम्हीही चार जणांना सांगितलं." ते प्रसन्नपणे हसले. "तुमच्या संशयावर आमचा पूर्ण विश्वास आहे, सर."

मी लिहायचे थांबलो. संदर्भ खणत खणत मी तळाशी पोहोचलो होतो, आणि तळाशी मीच बसलेलो होतो. त्याच वेळी फोन वाजला. शाकीबची बायको महेजबीन बोलत होती.

"काका, लाइन गेली दीड घंट्यापासून. काकूंना आम्ही दुकानात आणलं. तुमी लवकर या."

"दुकानात का? तुमच्या घरावर सोलर आहे ना?"

"थे तं बंद हाये काका. लाइन गेली का थे बंदच रायते."

अकोल्याहून अमरावतीला बसने अडीच तास लागतात. त्या अडीच तासांत मी एकाही ग्रंथाचा आधार घेऊ शकलो नाही. आमच्या गल्लीत उतरलो तेव्हा पाच घरांच्या गच्च्यांवर पॅनेल चकाकत होते, ऊन सेहेचाळीस अंशांचे होते, आणि त्या पाचही घरांतली माणसे पंखा बंद म्हणून ओट्यावर येऊन वारा घेत होती.

गयासुद्दीनच्या दुकानाबाहेर, गल्लीच्या पलीकडे, जनरेटर धडधडत होता. आत जळक्या मोटारींच्या रांगा. प्रत्येकीला पुठ्ठ्याची चिठ्ठी आणि तिच्यावर गावाचे नाव. त्यांच्यामध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर प्रमोदिनी, नाकाशी नळी. महेजबीन तिला पुठ्ठ्याने वारा घालत होती. प्रमोदिनीने मला पाहिले आणि डोळे मिटून घेतले. तिचे ओठ अजून पुरते लाल झाले नव्हते.

"बॅटरी बसली तसा भाभीनं फोन केला," गयासुद्दीन म्हणाला. "म्हणे, मशीन तुमच्या घरी आणते. मी म्हटलं, आपल्या घरचाच पंखा बंद हाये. मंग रिक्षात टाकून इथं आणलं."

"पण एवढं ऊन असताना..."

"ऊन असून का करता? लाइन गेली का थे सोताहून बंद पडते. पडलंच पाह्यजे. नाही तं तुमच्या छतावरचा करंट खांबावर जाईन, अन् वर चढलेला लाइनमन मरन. बॅटरीवालं अलग येते. मले बिल कमी करायचं होतं, मी बिगर बॅटरीचं घेतलं."

"हे मला कोणीच सांगितलं नाही."

"प्रोफेसर साहब, तुमी अकोल्यापावतर विचारत गेले. माह्या दारावरून रोज दूध आणाले जाता. एक डाव विचारलं काहून नाही?"

"शाकीब त्याच्याकडे कामाला आहे म्हणून."

त्याने हातातली तार खाली ठेवली. "म्हंजे भाभीच्या जिवाबद्दल मी झूट बोललो असतो."

तो ते विचारत नव्हता.

घरी आल्यावर मी प्रस्ताव काढला. पान नऊ: 'ही यंत्रणा बॅटरीविना असून वीजपुरवठा खंडित झाल्यास ती आपोआप बंद होईल.' वाक्याखाली माझ्या पेन्सिलची रेघ होती. मी ते वाचले होते. इतकेच नव्हे, समासात त्याची रचना सुधारून दिली होती.

दुसऱ्या दिवशी सूर्यभानला बोलावले. तो सवयीने बाहेरच्या जिन्याकडे वळला. "आत या," प्रमोदिनी म्हणाली. त्याने मशीन पाहिले, नळी पाहिली, आणि दारातच उभा राहिला.

"हे हाये का घरात?" तो माझ्याकडे वळला. "दोन महिने तुमी मले सवाल केले सर. माह्या भागीदाराचा बाप कोण, इथपर्यंत. लाइट कायले पाह्यजे, हे एका शब्दानं नाही सांगतलं. मले वाटलं कूलरसाठी असन."

"तुम्हीही विचारलं नाही," प्रमोदिनी म्हणाली.

"नाही विचारलं काकू," तो म्हणाला. "ते माह्यं चुकलं. बॅटरीवालं आणून लावतो. चाललं तं ठेवा, नाही तं मी परत नेतो."

"चाललं की नाही ते मी ठरवीन. मेन मी पाडीन."

चार दिवसांत शाकीबने पॅनेल, बॅटऱ्या आणि नवा इन्व्हर्टर बसवला. पाचव्या दिवशी दुपारी दोन वाजता, कोपऱ्यात भरलेला सिलिंडर आणि दाराशी गयासुद्दीन उभा असताना, प्रमोदिनीने लांब नळी ओढत जाऊन मेन स्विच खाली पाडला. फ्रीज गप्प झाला. मशीनची टिकटिक चालू राहिली. "बसा," ती सूर्यभानला म्हणाली. "तीन तास. चहा नंतर."

तो बसला. मी त्याच्यासमोर बसलो. तास गेला तेव्हा मी त्या नऊ घरांपैकी एका घरातल्या गेलेल्या माणसाविषयी विचारले, "नत्थुजी आठवतात का? २००६ साल."

"आठवते." तो इन्व्हर्टरच्या दिव्याकडे पाहत होता. "बियाणं मीच देल्लं होतं. फुसकं हाये हे पेरणीनंतर समजलं मले."

"समजल्यावर पाटी बदललीत."

"हाव. बदलली." त्याने दिव्यावरची नजर काढली. मग म्हणाला, "तुमचं पुस्तक मी वाचलं सर. नत्थुजी नाही त्यात. एक्केचाळीस नंबर हाये."

संशोधनात नावे का द्यायची नसतात, याचे सविस्तर उत्तर माझ्याजवळ होते. ते मी अनेक परिषदांत दिले होते आणि त्याला टाळ्याही मिळाल्या होत्या. इथे मशीन टिकटिकत होते आणि नळीच्या टोकाशी असलेली बाई माझ्याकडे पाहत होती. मी ते दिले नाही. त्याला क्षमाही केली नाही. ती करणे माझ्या अधिकारात नव्हते.

पाच वाजता प्रमोदिनीने मेन चढवला.

"ठेवून जा," ती सूर्यभानला म्हणाली. "पण दर महिन्याच्या एक तारखेला तुम्ही स्वतः यायचं. माणूस पाठवायचा नाही. माझ्यासमोर मेन पाडायचा आणि तासभर बसायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता ठेवा चहा."

तो दर एक तारखेला येतो, पुढच्या दाराने. मी घड्याळ आणि वही घेऊन बसतो. गेल्या खेपेला त्याची बस चुकली. उशीर होतोय म्हणून मीच उठलो आणि मेनच्या खटक्याकडे हात नेला.

"तुम्ही नको," प्रमोदिनी म्हणाली. "गयासुद्दीनभाईंना हाक मारा."