दोन स्टेशनांमधला एकच दांडा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी दांडा आहे. लांबीने हातभर. एका टोकाला पितळेची टोपी आणि तिच्यावर दोन स्टेशनांची नावं ठोकलेली. रेल्वेच्या कारखान्यातल्या सुताराने मला रुळांखालच्या स्लीपरच्या उरलेल्या तुकड्यातून तासलं. हातावेगळं करताना तो म्हणाला, "दिसतोस लाटण्याच्या थोरल्या भावासारखा, पण आगगाड्या अडवशील."

तसंच झालं. खाणीतला दगड न्यायला आमचा फाटा टाकला तेव्हा रूळ एकच होता आणि गाड्या दोन्हीकडून यायच्या. म्हणून नियम ठरला, ज्या ड्रायव्हरच्या हातात हा दांडा, त्याचीच गाडी पुढे जाणार. मी एकच होतो, म्हणून रुळावर गाडीही एकच असायची.

मला सगळ्यात जास्त वागवलं ते सांधेवाल्या काकांनी. सांधे बदलायचे, सिग्नल पाडून गाडीला वाट द्यायची आणि मला ड्रायव्हरच्या हाती द्यायचं, हे त्यांचं काम. त्यांचे थोरले भाऊ इंजिनात कोळसा टाकायचे. दुसऱ्या एका फाट्यावर कुणीतरी घाईत दांड्याशिवाय गाडी सोडली, आणि ते परत आले नाहीत. तेव्हापासून काका मला दोन्ही हातांनी द्यायचे.

ड्रायव्हर चिडवायचा, "काका, लाकूड देताय की तान्हं बाळ?"

"बाळ पडलं तर रडून सांगतं. हा सांगायचा नाही. नीट धर."

पुढे खाणीतला दगड संपला, सडक झाली, मालगाड्या गेल्या. उरली तीन डब्यांची एक प्रवासी गाडी. तिनेच काकू, म्हणजे काकांची बायको, आठवड्यातून दोनदा शहरातल्या दवाखान्यात जायच्या. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. रक्त यंत्रातून शुद्ध करून घ्यावं लागे. गाडीने तासाभराची वाट. सडक डोंगराला वळसा घालून जाई, बसने चार तास आदळत जावं लागे. डब्यातलं बाक कडक, म्हणून पाठीला टेकायला काका त्यांना जाड कापडाची गुंडाळी करून देत.

फाटा ठेवायचा की बंद करायचा, ते ठरवायला एक साहेब येणार असं कळलं. आदल्या संध्याकाळी काकांनी मला घरी नेलं. नियम मोडून, आयुष्यात पहिल्यांदाच. साहेबांना मी लखलखीत दिसावं म्हणून राखेने टोपी घासली, डाग पडू नये म्हणून जाड कापडात गुंडाळलं आणि खाटेवर ठेवलं. सकाळी काका लवकर उठून फलाट झाडायला गेले. काकूंना मी रोजची गुंडाळी वाटलो. मला काखेत मारून त्या डब्यात जाऊन बसल्या.

गाडी सुटायची वेळ झाली आणि काकांना आठवलं, दांडा घरी राहिला. घर टेकडीखाली, जाऊन यायला अर्धा तास.

साहेब घड्याळ बघत म्हणाले, "सिग्नल पाडा. गाडी ही एकच. समोरून काय भूत येणार आहे?"

"भूत आलं तरी त्याच्या हातात दांडा लागेल, साहेब."

"मास्तर, सांगा याला!"

स्टेशनमास्तर नुसतेच खाकरले. काकांनी सिग्नलच्या खटक्याला कुलूप घातलं, किल्ली गळ्यात अडकवली आणि घराकडे धावले.

पाव तासाने समोरच्या वळणावरून एक ट्रॉली आली. चार माणसं ती ढकलत होती. गाडी सुटली असती, तर वळणापलीकडच्या खिंडीतच त्यांच्यावर गेली असती.

"तुम्हाला कुणी पाठवलं?" साहेबांनी विचारलं.

"आपणच बोलावलं होतं की, साहेब. रूळ तपासायला."

साहेबांनी रुमालाने मान पुसली.

अर्धा तास होत आला तेव्हा काका धापा टाकत आले. हातातली गुंडाळी सगळ्यांसमोर सोडली. आत नुसतं कापड! काकांचा चेहरा उतरला. डब्याच्या खिडकीतून काकूंनी हाक मारली, "अहो, आज कसली गुंडाळी दिलीत? केव्हाची टोचतेय!"

ज्या गाडीला मी हवा होतो, त्याच गाडीत मी बसलो होतो.

चूक काकांची होती, ती मी झाकणार नाही. पण अहवालात तेवढीच चूक लिहिली गेली. गाडी चाळीस मिनिटं खोळंबली, कर्मचारी बेफिकीर आणि उर्मट. ट्रॉलीचं नाव नाही. चार माणसं जिवंत राहिली, त्याला अहवालात रकानाच नव्हता. काकांची नोकरी गेली. चार महिन्यांत फाटा बंद झाला. काकू बसने जाऊ लागल्या. आठवड्यातून दोनदाचं एकदा झालं, मग तेही झेपेना. त्या वर्षअखेरीला गेल्या.

मी आता मोठ्या स्टेशनात, काचेच्या कपाटात आहे. खाली पाटी आहे: 'शंभर वर्षं, एकही अपघात नाही.' हे कुणामुळे, ते पाटीवर नाही.

एकदा काका आले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले, पूर्वी मला देताना करायचे तसे.

पहारेकरी ओरडला, "बाबा, काचेला हात लावू नका. जपून ठेवलेली वस्तू आहे."

मित्रांनो, मला आता जपायचं काही उरलेलं नाही. ज्या गाडीच्या भरवशावर कुणाची तरी काकू दवाखान्यात जाते, ती गाडी चालू आहे तोवर जपा. आणि तिच्यासाठी अडून बसणारा माणूस तुम्हाला उर्मट वाटला, तर वळणापलीकडून कोण येतंय ते आधी बघा.