फौजदारांची शिट्टी

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. मित्रांनो, एका अंधाऱ्या कारखान्यात पत्रा कापून, वाकवून, डाग देऊन मला घडवले आणि पोटात वाटाण्याएवढी बुचाची गोळी घातली. तिथून मी पोलीस ठाण्यात आले आणि एका फौजदारांच्या खिशाला साखळीने अडकले.

फौजदार अंगाने काटकुळे, पण फुंकर अशी की भरधाव ट्रक जागच्या जागी थबके. घरी आले की त्यांची लेक मला पळवायची आणि बापालाच अडवायची.

"थांबा! परवाना दाखवा!"

"भूक लागलीय, बाईसाहेब. आजच्या दिवस सोडा," ते हात जोडत.

"दोघांनाही कोठडीत टाकीन! कान किटले माझे," बायको आतून ओरडे. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग युद्ध सुरू झाले आणि दुकानांतले धान्य नाहीसे झाले. बाया रिकाम्या पिशव्या घेऊन रांगेत ताटकळत. फौजदारांनी बाजारातल्या बड्या व्यापाऱ्याचे गोदाम उघडायला लावले, तर पोती छताला टेकलेली! त्यांनी गोदामाला सील ठोकले. पण तो व्यापारी मोठ्या साहेबांच्या ऊठबशीतला.

"सील काढा," साहेब म्हणाले.

"लोक उपाशी आहेत, साहेब. मी नाही काढणार."

"फार शूर आहात. शूर माणसांची सध्या सीमेवर गरज आहे."

पोलिसांतून काही माणसे सैन्यात धाडायची होतीच. यादीत फौजदारांचे नाव सर्वांत वर आले. गोदाम त्याच संध्याकाळी उघडले आणि पोती कुठे गेली, ते कोणी विचारले नाही.

"साहेबांची माफी मागा. तोंडदेखली का होईना," बायको म्हणाली.

"आणि उद्या त्या रांगेपुढे कोणत्या तोंडाने उभा राहू?"

"जीव राहिला तर उभे राहाल ना!" ती म्हणाली, आणि डोळे पुसत त्यांचा स्वेटर पिशवीत कोंबू लागली.

सीमेवर चिखल होता आणि थंडी होती. एका सकाळी दाट धुके पडले. तारांचे कुंपण दुरुस्त करायला गेलेली तुकडी त्यात वाट चुकली. दोन पावले इकडेतिकडे झाली तर ती थेट शत्रूच्या तोंडी जाणार होती. "आवाज करू नका," अधिकाऱ्याने बजावले. पण फौजदार खंदकाच्या काठावर चढले आणि मला ओठांशी धरून फुंकत राहिले. आवाजाच्या रोखाने एकेक जण धडपडत आला, खंदकात उतरला. पण कान शत्रूलाही होते. शेवटचा शिपाई आत आला आणि गोळी सुटली. माझ्यातला श्वास अर्धाच राहिला.

मला परत आणले, घासूनपुसून लखलखीत केले. ठाण्याच्या अंगणात सभा भरली. व्यापाऱ्याने स्मारकाचा दगड दिला. साहेबांनी गहिवरून भाषण केले, "आमचे फौजदार स्वेच्छेने रणांगणावर गेले!"

फौजदारांची बायको उठून उभी राहिली. "स्वेच्छेने? हुकूम तर तुम्हीच काढला होतात."

मित्रांनो, मी पितळेची. पण त्या दिवशी पितळ उघडे पडले ते साहेबांचे. क्षणभरच. लगेच त्यांनी बँडवाल्यांना खूण केली आणि ढोल बडवले गेले.

पुढे मायलेकींना पोलीस वसाहतीतली खोली रिकामी करायला सांगितले. नियमच तसा होता म्हणे. जाताना फौजदारांची बायको ठाण्यात आली. "निदान शिट्टी तरी द्या. पोर मागतेय."

"ती आता सरकारी ठेवा आहे, बाई," कारकून म्हणाला आणि मला मखमलीवर ठेवून त्याने काचेचे कपाट बंद केले. त्या दोघी कुठे राहतात, हे या ठाण्यात आज कोणालाही ठाऊक नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. मला जपणे सोपे आहे. पितळेला भूक लागत नाही, छप्पर लागत नाही, आणि पितळ उलटून प्रश्नही विचारत नाही. म्हणून तर माझी इतकी निगा राखतात. तुम्ही माणसे जपा. मेलेल्यांच्या नावाने टाळ्या वाजवण्याआधी, त्यांची जिवंत माणसे आज कुठे जेवली, तेवढे विचारा.