शिंपीकाकांचे दिव्य डोळे

शिंपीकाकांच्या दुकानापुढे सकाळपासून झुंबड उडाली होती. मापं द्यायला आलेले मागे आणि पाया पडायला आलेले पुढे. काका स्टुलावर ऐटीत बसून येईल त्याला जरीचा कोट फुकट देत होते, म्हणजे तोंडानं. "उद्यापासून सगळे राजे माझ्याकडेच कपडे शिवणार!" ते म्हणाले, की गर्दी हात जोडायची.

वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला आता सगळे बॅटरीमहाराज म्हणत. त्यानं काकांच्या डोळ्यांवर बॅटरी रोखली. "बघा मंडळी, मी दिलेली सिद्धी! तुमच्याआमच्या डोळ्यातली बाहुली उजेडात आक्रसते. ह्यांची तसूभर हलते का? कशी हलेल? आतच कोटी सूर्य तळपतायत, बाहेरच्या सेलला कोण विचारतो!" मग त्यानं काकांच्या तळव्यात टाचणी टोचली. काका हसतच राहिले. गर्दीनं आ वासला.

दाराआड काकूंना रडू यायचंच बाकी होतं. ज्या माणसाचं काज कधी वाकडं गेलं नाही, त्यानं परवा बाहीला खिसा लावला होता. आणि उद्या महाराज त्यांना गावोगाव फिरवायला नेणार होता. काकूंना देव नको होता, नवरा हवा होता. त्या तडक कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेल्या आणि डॉक्टरीणबाईंना घेऊनच परतल्या.

बाईंनी आधी सगळं निमूट पाहिलं. मग सुईदोरा काकांच्या नाकासमोर धरला. "काका, ओवून दाखवा बरं."

काकांनी नजर सुईवर आणली आणि बाहुल्या झरकन बारीक झाल्या.

"अहो, आक्रसल्या की!" इस्त्रीवाला ओरडला.

"कोटी सूर्य सुईला घाबरतात वाटतं," बाई म्हणाल्या. "जवळचं बघताना बाहुली आक्रसते, उजेडाला मात्र नाही. ही खूण डॉक्टरांच्या चांगली ओळखीची आहे. काकांच्या नसा आजारी आहेत, टाचणी कळत नाही तीही त्यामुळेच. महाराज, सिद्धी तुम्हीच दिलीत ना? मग आणा तुमचा तळवा."

टाचणी टेकायच्या आतच महाराज "आई गं!" करून उडाला आणि भक्तमंडळी खो खो हसली. संध्याकाळी वरची खोली रिकामी होती.

काकांचं रक्त तपासून झाल्यावर दवाखान्यात बाईंनी काकूंना एकटीला बसवलं. "रक्तात सिफिलिसची खूण आहे. शरीरसंबंधातून लागणारा आजार, कैक वर्षं लपून राहिलेला असेल. पण रक्त एवढंच सांगतं, की जंतू अंगात शिरला होता. मेंदूपर्यंत पोचलाय का, ते मणक्यातलं पाणी सांगेल."

काकूंचा चेहरा पडला. "पाणी काय बोलणार?"

"पुष्कळ बोलतं. पांढऱ्या पेशी वाढल्यात का, प्रथिनं वाढलीत का, सिफिलिसची चाचणी त्या पाण्यातही येते का. आणि पेशींना 'इकडे या' म्हणून हाक मारणारं एक प्रथिन असतं, तेही मोजतात. एकट्याच्या साक्षीवर निकाल द्यायचा नाही. सगळ्यांचं जुळलं पाहिजे."

सगळ्यांचं जुळलं. शिरेतून पेनिसिलिन सुरू झालं. काकूंचीही तपासणी झाली, त्या ठणठणीत निघाल्या. काही महिन्यांनी पुन्हा पाणी काढलं, तर पेशी उतरल्या होत्या आणि ते हाका मारणारं प्रथिनही गप्प झालं होतं. तळव्यांची जाणीव पुरती परतली नाही, पण राजेलोक डोक्यातून निघून गेले आणि काजं सरळ येऊ लागली. काकूंना कोण आनंद झाला!

पण आजाराचं नाव गल्लीत फुटलं होतं. दुकान उघडलं, तरी कुणी फिरकेना. लोक समोरून नाक मुरडून जाऊ लागले. शेवटी काकू दारात उभ्या राहिल्या.

"अहो, ऐका! तो जंतू आहे, पाप नाही. शेजारी बसलं म्हणून लागत नाही, औषधानं मरतो. डोकं फिरलं होतं तेव्हा रांगा लावल्यात, ताळ्यावर आलं तर तोंड फिरवता? कुणी चमत्कार दाखवला तर आधी विचारा, असं का होतं? आणि माणूस बदलला तर देव्हाऱ्यात नाही, दवाखान्यात न्या."

मग बेकरीवाली ओशाळून पुढे आली. ब्लाउज शिवायचा होता. पण पायरी चढताच सवयीनं ती काकांच्या पायांशी वाकली.

काकांनी टेप हातात घेतली. "वाकू नका हो, माप चुकतं. सरळ उभ्या राहा."