रूथची पाठ

माझ्यासारख्या अंगाच्या बाईला हॉलिवूडमध्ये काम मिळत नाही असं लोक म्हणतात, ते साफ खोटं आहे. भरपूर मिळतं. तुरुंगातली पहारेकरीण, शाळेच्या खानावळीत पळीने वाढणारी, विमानात नायकाच्या शेजारी बसून त्याची अर्धी जागा खाणारी, नाहीतर नायिकेची खादाड मैत्रीण. मैत्रिणीच्या हातात प्रत्येक दृश्यात काहीतरी खायचं लागतंच. डोनट चावायचा, वाक्य बोलायचं, 'कट' झालं की खुर्चीखालच्या बादलीत थुंकायचं आणि पुन्हा नवा डोनट उचलायचा. माझं अर्धं आयुष्य त्या बादलीवर वाकण्यात गेलं. नाक मोठं, भुवया दाट, कंबर नावालाही नाही. आईवडिलांनी ठेवलेलं नाव झाबेल तोपालियन, पण पडद्यावर मला बहुतेक वेळा नावच नसायचं. 'जाडी शेजारीण', 'बसमधली बाई' अशी मी सिनेमा संपल्यावरच्या नामावलीत सरकत जायची, तोवर लोक उठून गाडीच्या किल्ल्या शोधत असायचे.

एका इस्पितळाच्या मालिकेत शेवटी मला नाव मिळालं, नर्स डॉट. डॉट दारात अडकायची आणि लोक हसायचे. तिची नाट्यकला तिथेच संपायची. पण ती दर आठवड्याला अडकायची, त्यामुळे मी आणि आई ग्लेंडेलच्या आमच्या छोट्या घरात बिनघोर राहत होतो.

आईच्या नजरेच्या मधोमध डाग धरला होता. समोर बघितलं की माणसाचा चेहराच नाहीसा व्हायचा. कडेने मात्र तिला अजून दिसत होतं. त्यामुळे ती कोंबडीसारखी मान तिरकी करून जग बघायची. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की हळूहळू कडाही जातील. तेव्हापासून आईने एकच धोशा लावला होता.

"ते सगळं जायच्या आत मला तुला एकदा नीट बघायचंय. दारात अडकलेली नको. जिची गोष्ट आहे ती बाई तू, अशी."

"असला सिनेमा बघायला येणार कोण, आई?"

"मी येईन ना. मी काय मेलेय?"

आणि मग रूथ आली. मर्वने, म्हणजे माझ्या एजंटाने, पटकथा घरी पाठवली आणि मागोमाग फोन केला. मला कामं मिळवून देणं हा त्याचा धंदा आणि मला चिडवणं हा त्याचा विरंगुळा.

"वाच," तो म्हणाला. "आणि वाचताना तोंडात काही घालू नकोस, ठसका लागून मरशील."

रूथचं एका लहान गावात कपडे धुण्याचं दुकान. नवरा रात्री घराला आग लावतो, तिची पाठ जळते, आणि पुढे ती कोर्टात उभी राहून त्याच्या तोंडावर सगळं सांगते. पटकथेत तिच्याबद्दल लिहिलं होतं, 'रूथ जाड आहे, दिसायला साधी आहे, आणि याबद्दल ती कुणाची माफी मागत नाही.' ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. असं वाक्य कुणी माझ्यासाठी लिहील असं मला कधी वाटलंच नव्हतं.

चाचणीला मी ठरवून आईचे हात घेऊन गेले. आईने हयात बेकरीत काढली. तळवे पिठाने भरलेले असायचे, त्यामुळे ती हात उलटे करून, मागच्या बाजूने कमरेला घासायची. बेकरी सुटली तरी तिची खोड गेली नाही. मी ती रूथला दिली. नवऱ्याचं नाव आलं की रूथचे हात उलटे होऊन कमरेला जायचे. कलाकार निवडण्याचं काम कॅरलीन ऑस्टकडे होतं. तिने मला तीनदा बोलावलं, तिन्ही वेळा टेप केली, आणि शेवटच्या वेळी चष्मा काढून डोळे पुसले.

"झाबेल, आता मला रूथ म्हटलं की तूच दिसतेस," ती म्हणाली.

त्यानंतर बरेच दिवस काही कळलं नाही. आणि एका सकाळी मर्वचा फोन आला. या वेळी तो चिडवत नव्हता, म्हणून मीच घाबरले.

"तुला साच्याला बोलावलंय," तो म्हणाला.

नटाच्या अंगावर खोटी जखम किंवा जळकी कातडी चिकटवायची, तर आधी त्याच्या अंगाचा प्लास्टरमध्ये साचा काढतात. काम खर्चाचं आणि कटकटीचं. भूमिका पक्की झाल्याशिवाय कुणी कुणावर प्लास्टर वाया घालवत नाही, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. करार मागाहून रमतगमत येतो; लोक बाटल्या फोडतात त्या साच्याच्या बोलावण्यावर. रूथची तर पाठच जळलेली. मग माझ्या पाठीचा साचा दुसऱ्या कशासाठी काढतील?

त्याच आठवड्यात डॉटवाल्यांना पुढच्या वर्षासाठी उत्तर हवं होतं. दोन्हीच्या तारखा एकमेकींवर येत होत्या.

"कागद हातात पडेपर्यंत थांबूया का?" मी विचारलं.

"प्लास्टर भिजत घातलंय त्यांनी, बाई. अजून काय तुला बँडबाजा पाहिजे?" मर्व म्हणाला, आणि त्याने डॉटला नाही कळवून टाकलं. मीच म्हणाले, कळव.

आईने कॉफी केली. पिऊन झाल्यावर माझा कप बशीवर उपडा घातला आणि आमच्या लोकांत गाळात भविष्य बघतात तसा तळाचा गाळ खिडकीशी नेऊन, मान तिरकी करून वाचला. "मोठं दार आहे," ती म्हणाली. "आणि तू त्यातनं सरळ आत चाललीयेस." तिला गाळातलं काही दिसत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी मला रडू आलं. रविवारी तिने चर्चमधल्या सगळ्या बायकांना सांगून टाकलं.

साच्याचा कारखाना टायरच्या दुकानामागे होता. आत फळ्यांवर नटनट्यांची पांढरी डोकी ओळीने मांडलेली, सगळ्यांचे डोळे मिटलेले. ग्रेडी नावाचा साठीचा माणूस तिथला मुख्य. त्याने मला कमरेपर्यंत उघडं करून दोन दांड्यांना धरून उभं केलं, व्हॅसलीन चोपडलं आणि गळ्याभोवती, मग मानेपासून पाठीवर खाली गार लगदा थापायला सुरुवात केली. त्यावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या.

"आता हलायचं नाही हं, बाई. श्वास पण वरच्यावर घ्या. पाठ हलली की तडा, आणि तडा गेला की सगळंच गेलं."

"मला सवय आहे," मी म्हणाले. "दारात तासन्‌तास अडकून असते मी."

तो हसला. त्याला डॉट आवडायची. गप्पा मारत मारत तो पट्ट्या लावत राहिला.

"मागच्या आठवड्यात टेसाला इथंच उभी केली होती. नुसती कुडकुडत होती बिचारी. अंगावर मांस असेल तर ऊब येईल ना."

"कोण टेसा?"

"टेसा वॉरिंग. आपली रूथ."

टेसा वॉरिंगचा चेहरा तेव्हा शहरातल्या निम्म्या फलकांवर होता. साबण, घड्याळं, अत्तर, सगळं तीच विकायची. मला आधी वाटलं, तो माझी फिरकी घेतोय.

"रूथ मी आहे," मी म्हणाले.

पाठीवर फिरणारे त्याचे हात थांबले.  मग तो समोर आला. पण त्याला माझ्या तोंडाकडे बघवेना, तो माझ्या गळ्यावरच्या प्लास्टरशी बोलल्यासारखा बोलला.

"मला वाटलं तुम्हाला सांगितलंय कुणीतरी. तिच्या अंगावर चढवायला जाड अंग बनवतोय आम्ही, फोमचं. नुसतं मातीत घडवलं की खोटं दिसतं, घड्या नीट पडत नाहीत. कॅरलीनबाई म्हणाल्या, खऱ्या बाईची पाठ घ्या, झाबेलची घ्या. मला वाटलं तुम्ही हौसेनं आलात." आणि मला बरं वाटावं म्हणून की काय, तो पुढे म्हणाला, "तुमची चाचणीची टेप पण टेसा रोज लावून बसते म्हणे. फार मानते तुम्हाला."

प्लास्टर घट्ट व्हायला लागलं की तापतं. माझी पाठ तापत होती. एकदा छातीभर श्वास घेतला असता, नुसते खांदे उडवले असते, तरी सगळा साचा तडकला असता. ग्रेडीलाही ते कळत होतं. तो दोन पावलं मागे सरला आणि फडक्याला हात पुसू लागला.

"हलायचं असेल तर हला," तो हळू आवाजात म्हणाला. "पट्टी निसटली म्हणून सांगेन मी."

मी हलले नाही. का, ते नंतर मी स्वतःला हजारदा विचारलं. काही राग गिळला, मोठेपणा दाखवला, असलं काही नव्हतं. वीस वर्षं मला एकच गोष्ट शिकवली गेली होती, की सांगितलेल्या खुणेवर गप उभं राहायचं आणि दुसऱ्याचं काम बिघडवायचं नाही. आणि खरं सांगायचं तर आत एक लाचार विचारही होता, की शहाण्यासारखी उभी राहिले तर दुसरं काहीतरी देतील. त्या विचाराची मला अजून किळस येते. साचा एकही तडा न जाता निघाला. ग्रेडीने तो दोन्ही हातांत धरून भिंतीशी टेकवला; आतल्या बाजूला माझ्या खांद्याखालची चामखीळसुद्धा उमटली होती.

संध्याकाळी कॅरलीनचा फोन आला.

"तुझ्याशिवाय हा सिनेमा होऊच शकला नसता, झाबेल. पण पैसे लावणाऱ्यांना चेहरा लागतो गं. शेवटी लोक दोन तास कुणाकडे बघणार, याचाही विचार करावा लागतो."

"पाठीकडे बघतील ना?" मी विचारलं.

 मग तिने मला कोर्टाच्या दृश्यात ज्यूरीच्या मागच्या रांगेत बसायचं काम देऊ केलं, बिनवाक्याचं. मी फोन ठेवून दिला. डॉटच्या मालिकेत थोड्याच दिवसांत नवी जाडी नर्स आली, आणि तीही दारात अडकायला लागली. मर्वने खूप खटपट केली. 'हिचा भरवसा नाही, मोठं काही मिळालं की सोडून जाते,' असं माझ्याबद्दल बोललं जाऊ लागलं.

आईला मी साचा काढला त्याच रात्री सगळं सांगितलं होतं. ती ऐकत राहिली, मध्येच तिचे हात उलटे होऊन कमरेला गेले.

"म्हणजे तू त्यात नाहीस."

"नाही."

"पण पाठ तुझी आहे."

"हो."

"मग मी पाठ बघेन," आई म्हणाली.

पुढच्या वर्षी सिनेमा लागला तेव्हा तिच्या कडाही विरत चालल्या होत्या. मी टाळाटाळ केली तर ती एकटी बसने निघाली, म्हणून मला जावं लागलं. आम्ही कडेच्या खुर्च्या घेतल्या, म्हणजे तिला मान तिरकी ठेवून बघता येईल. टेसा चांगली होती, खोटं कशाला बोलू? तिच्या त्या नाजूक चेहऱ्याला माझा गळा जोडला होता, आणि नवऱ्याचं नाव निघालं की तिचे हात उलटे होऊन कमरेला जात होते. पहिल्यांदा ते झालं तेव्हा आईने माझं मनगट घट्ट पकडलं.

"हे माझं आहे," ती पुटपुटली. "हे तिला कुणी दिलं?"

"मी, आई."

मग न्हाणीघराचं दृश्य आलं. रूथ झगा खाली सोडते आणि आरशाकडे पाठ करते. संपूर्ण पडदाभर माझी पाठ होती, उजवीकडे जळालेली, डावीकडे जशीच्या तशी, चामखिळीसकट. मागच्या रांगेतल्या एकाने ओकारीचा आवाज काढला आणि दोघंतिघं खिदळली. पण नंतर सगळं थिएटर चिडीचूप झालं, आणि लोक नाकं ओढू लागले. आईने मान आणखी तिरकी केली. ती रडत नव्हती. ती पाठ माझ्या लहानपणी तिने रोज साबण लावून घासली होती, आणि आता तीच ती डोळे ताणून, कोपऱ्यातून, जमेल तेवढी बघून घेत होती. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं.

बाहेर दोन बायका कागदी रुमालाने डोळे टिपत उभ्या होत्या. चांगल्या घरच्या, माझ्याच वयाच्या.

"केवढं धाडस लागतं," एक म्हणाली. "इतकी सुंदर मुलगी, आणि स्वतःला असं दाखवायचं."

"मला तर त्या पाठीला मिठी मारावीशी वाटली," दुसरी म्हणाली.

मी आईला ओढत होते, पण तिने हात सोडवून घेतला आणि आवाजाच्या दिशेने गेली. तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत ती म्हणाली, "ती पाठ माझ्या मुलीची. ही बघा, ही माझी मुलगी. तुम्ही रडलात ना आत, ती ही."

त्या दोघींनी माझ्याकडे बघितलं. बुटांपासून सुरू करून पोटावरून गळ्यापर्यंत आल्या, आणि मग दोघींनीही एकदमच नजर दुसरीकडे वळवली. एक पर्समध्ये किल्ल्या शोधायला लागली. दुसरीला बहुधा वाईट वाटलं असावं, ती पार्किंगकडे बघत म्हणाली, "चेहरा मात्र गोड आहे हं तुमचा." आणि दोघी भराभर निघून गेल्या.

आई तशीच उभी होती, मान तिरकी, त्या जिथे होत्या तिकडे हसून बघत.

"काय गं," तिने मला विचारलं, "बघतायत ना तुझ्याकडे?"

"हो, आई," मी म्हणाले. "बघतायत."

"मग जरा नीट उभी राहा," ती म्हणाली, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून तिने मला पुढे केलं.